बत्तीस बाहुल्या आणि एक शनिवार

गोल टेबलाच्या मधोमध जी वस्तू ठेवतात आणि जिच्याकडे कोणी बघत नाही, ती वस्तू मी बावीस वर्षं करत आले. तिला सेंटरपीस म्हणतात. तिला मराठी शब्द शोधायचा मी प्रयत्न केला होता. मिरजेच्या आमच्या वहिनींनी 'टेबलावरची अडगळ' असा सुचवला. अर्थाने तो बरोबर आहे, पण कार्डावर छापता येत नाही.

मी मिरजेला शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवत होते. लग्न होऊन चेन्नईला आले, कारण आमचे हे गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. ते सकाळी अंधारात निघत आणि दिवेलागणीला परत येत. मधला सगळा दिवस माझा होता आणि मला तमिळ येत नव्हतं. शेजारच्या मुलीच्या रिसेप्शनला डेकोरेटर परवडेना, तेव्हा मी नारळाच्या करवंट्या घासून, त्यांत झेंडू आणि विड्याची पानं मांडून दिली. त्या हॉलच्या मॅनेजरने माझा नंबर घेतला. पुढची बावीस वर्षं बहुतेक कामं त्याच्याच तोंडून आली. स्वस्तात हवं असेल तर वेस्ट मांबलमची सेंटरपीस मामी, असं तो सांगायचा. 'स्वस्तात' हा शब्द तो जरा जोरात म्हणायचा.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सेंटरपीस एक तर बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खाली राहिला पाहिजे, नाही तर डोक्याच्या वर गेला पाहिजे. मधल्या उंचीचा केला तर समोरासमोर बसलेले दोन व्याही जेवण संपेपर्यंत मान वाकडी करून बोलतात आणि दोष फुलांना देतात. त्याला वास नको. मोगरा आणि रसम यांचे वास एकत्र आले की पाहुणे आधी शेजाऱ्याकडे बघतात. तो हलका नको, कारण हॉलमधले पंखे वादळी असतात. फार जडही नको, कारण तो उचलून घरी नेणारे पाहुणे असतात आणि त्यांच्या पाठीला त्रास होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मधोमध ठेवायच्या वस्तूला पाठ नसते. एका बाजूला डाग पडला म्हणून ती बाजू फिरवून ठेवावी, तर त्या बाजूला कोणीतरी बसलेलंच असतं.

हे सगळं मी चुका करून शिकले. पहिल्याच मोठ्या कामात टेबलं गोल नव्हती, लांब होती. म्हणजे केळीच्या पानावरची पंगत. इथे पाहुणे टेबलाच्या एकाच बाजूला बसतात आणि वाढपी समोरून सांबाराची बादली घेऊन येतो. माझे सेंटरपीस बरोबर त्याच्या वाटेत होते. मी त्यात शोभेला पिवळीधमक लिंबं ठेवली होती. वाढप्याने पहिल्या फेरीत सगळं उचलून पानांच्या कडेला सरकवलं आणि दुसऱ्या फेरीपर्यंत पाहुण्यांनी लिंबं भातावर पिळली होती. यजमानांनी मला बोलावून सांगितलं, की लिंबाची कल्पना छान होती, पुढच्या वेळी मीठही ठेवा.

दुसऱ्या एका लग्नात मी मातीच्या वाट्यांत मूग रुजवून ठेवले. हिरवेगार, बोटभर उंच, जवळजवळ फुकट. मला माहीत नव्हतं की इथल्या लग्नात मातीच्या कुंड्यांत धान्य रुजवतात, त्याला पालिकै म्हणतात, सवाष्णी त्याला पाणी घालतात आणि नंतर ते विधिपूर्वक पाण्यात सोडतात. नवऱ्या मुलाच्या आजीने टेबलावर बावीस पालिकै पाहिली आणि जेवायला नकार दिला. कोण सोडणार आता ही पाण्यात, एवढंच ती विचारत राहिली. शेवटी मी आणि आमचे हे बेसंट नगरच्या समुद्रावर गेलो आणि बावीस वाट्या एकेक करून सोडल्या. यांनी मोजून घेतल्या, क्वालिटी विभागाची सवय.

या चुका सांगायला मला काही वाटत नाही. जी सांगायला लाज वाटते, ती आता सांगते. नावं बदलली आहेत.

गोविंद राव हे माझ्याकडे आले ते एका जुन्या गिऱ्हाइकाचं नाव सांगत. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पत्नी वारलेली. तंजावूरकडचं मराठी घराणं, दोन पिढ्या चेन्नईत. त्यांचं मराठी ऐकताना जुनी बखर कोणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटायचं. मला इतक्या वर्षांत मराठी बोलणारं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. मी चहा केला, मग पोहे केले, मग तांदळाचे पापड तळले.

त्यांची एकुलती एक मुलगी जानकी आयटीत होती. तिच्याच ऑफिसातल्या पुण्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर दोघं पुण्याला जाणार होते. जानकीने बापाला मोबाइलवर एका डेकोरेटरचे फोटो दाखवले होते. उंच काचेचे खांब, वर ऑर्किड. मास्तरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "टेबलांचं मी पाहतों." ती म्हणाली, "सेरी," म्हणजे बरं. या विषयावर त्या घरात झालेलं बोलणं एवढंच.

"घरांत आम्ही दोघं फार बोलत नाहीं," मास्तर मला म्हणाले. "भांडण नाहीं. संवय नाहीं. तिची आई बोलायची, आम्ही ऐकायचों. आतां ती जाणार. रविवारी फोन करील. मी काय बोलूं? जेवलीस का विचारीन. ती होय म्हणेल. झालं की."

म्हणून त्यांना बोलायच्या ऐवजी काहीतरी करून द्यायचं होतं. जानकीने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की टेबलांवरचं सगळं अप्पा स्वतः करतायत. काचेचे खांब तिने रद्द केले होते. म्हणजे तिने आपली इज्जत बापाच्या हातात दिली होती आणि बापाला ते ठाऊक होतं.

त्यांनी पिशवीतून एक बाहुली काढली. तंजावूरची बाहुली आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. बूड गोल आणि मातीने जड केलेलं, वर राजा किंवा राणी. ढकलली की डुलते, आडवी पाडली तरी पुन्हा उभी राहते. मास्तरांनी ती कागदाच्या लगद्याची केली होती. लगदा कशाचा, तर शाळेतल्या मुलांच्या जुन्या चित्रांच्या कागदांचा, जे त्यांनी कित्येक वर्षं माळ्यावर जपून ठेवले होते. खळीत मेथी वाटून घातली होती, कीड लागू नये म्हणून. मी ती बाहुली टेबलावर ठेवली आणि बोटाने ढकलली. बावीस वर्षं मी न पडणारा सेंटरपीस शोधत होते आणि तो या माणसाच्या पिशवीत होता.

सोळा टेबलं, प्रत्येकावर एक राजा आणि एक राणी. भोवती फुलांचं कडं मी त्या दिवशी करायचं. मास्तर तीन महिने राबले. एकाही राणीचा चेहरा दुसरीसारखा नव्हता. नथ मात्र सगळ्यांना होती, ती मी सुचवली होती, आणि ती त्यांनी इतकी बारीक काढली की चष्मा लावल्याशिवाय दिसत नव्हती. त्यांचं घर तळमजल्यावर, ऊन येत नाही. आमच्या गच्चीवर ऊन भरपूर. म्हणून रंगवून झालेल्या बत्तीस बाहुल्या त्यांनी बुधवारी माझ्याकडे आणून दिल्या. व्हार्निशचे दोन हात मारायचे, मध्ये नीट वाळू द्यायचं आणि रिसेप्शनच्या दिवशी फुलांबरोबर हॉलवर न्यायच्या, असं ठरलं.

जाताना त्यांनी पत्रिका दिली. म्हणाले, "रविवारीं मुहूर्त. यायचं, जेवायचं."

इथे चेन्नईची एक रीत सांगितली पाहिजे. इथे रिसेप्शन लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी असतं. आधी नवरा-नवरी स्टेजवर उभे राहून अहेर घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं लग्न लागतं. महाराष्ट्रातून नवीन आलेल्या लोकांना हे उलटं वाटतं. मी कितीतरी जणांना ते समजावून सांगितलं आहे, तेही जरा अनुभवी आवाजात. बावीस वर्षांत एकही तारीख माझ्याकडून चुकली नव्हती, कारण मी प्रत्येक पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे.

मास्तरांची वाचली नाही. ती तमिळ आणि इंग्रजीत होती. मी तिला हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवली. मराठी माणसं, जावई पुण्याचा, आपल्याकडे रिसेप्शन लग्नानंतरच असतं, त्यात वाचायचं काय. कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात मी 'मास्तर, १६ टेबलं' असं लिहिलं आणि शनिवारी दुपारी निवांतपणे व्हार्निशचा दुसरा हात मारला.

साडेचार वाजता मास्तरांचा फोन आला.

"बाई, कोठं आहांत?"

"घरीच की. का?"

मागे लग्नातलं नादस्वरम वाजत होतं. मग म्हणाले, "मंडपांत दिवे लागले."

मी म्हणाले, "आज?"

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते सविस्तर लिहिण्यासारखं नाही. बाहुल्या गच्चीवर होत्या आणि हाताला चिकटत होत्या. मी फुलांसाठी खाली धावले आणि तेवढ्यात आमच्या ह्यांनी मदत म्हणून बारा बाहुल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. उभं आयुष्य क्वालिटीत काढलेल्या माणसाने ओल्या व्हार्निशवर कागद का लावावा, हे मी त्यांना त्या दिवशी विचारलं आणि नंतरही अधूनमधून विचारत असते. कागद सोलून काढला तेव्हा सात राजांच्या पाठीवर तमिळ अक्षरं उमटली होती. एकाच्या झग्यावर तर साड्यांच्या सेलची आख्खी जाहिरात होती.

परातींत बाहुल्या उभ्या करून आम्ही दोन रिक्षा केल्या. शनिवारची संध्याकाळ आणि टी. नगर ओलांडायचं. साडीच्या दुकानांतून माणसं रस्त्यावर सांडत होती. बाहुल्या आडव्या ठेवता येत नाहीत, त्या उठून उभ्या राहतात, त्यामुळे माझ्या मांडीवरच्या परातीत सोळा जण प्रत्येक खड्ड्याला माना डोलवत होते. रिक्षावाल्याने आरशात बराच वेळ बघितलं आणि विचारलं, की हे होय म्हणतायत का नाही. मी म्हटलं, चेन्नईचे आहेत, होयच म्हणत असतील. तो म्हणाला, मग पोहोचू.

पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सोळापैकी नऊ टेबलांवर लोक जेवायला बसले होते आणि टेबलांच्या मधोमध पाण्याच्या बाटल्या होत्या. जानकीच्या ऑफिसातली मुलं-मुली एका टेबलाशी उभी होती. त्यांतली एक इकडेतिकडे बघून म्हणाली, तिच्या बाबांनी काहीतरी केलं होतं ना, ते कुठे आहे? मास्तर दाराशी उभे होते, रेशमी वेष्टी नेसलेले, खांद्यावर उपरणं. त्यांनी माझ्या हातातून परात घेतली. पाठीवर जाहिरात असलेला राजा उचलला, नखाने थोडं खरवडून बघितलं, निघत नाही म्हटल्यावर तसाच एका टेबलावर ठेवला.

आम्ही तिघं मांडत असताना जानकी स्टेजवरून उतरून आली. नवरी स्टेजवरून उतरली की सगळा हॉल मान वळवतो. माझ्या बाजूला हॉलचा मॅनेजर उभा होता, तोच, ज्याच्या तोंडून माझी सगळी कामं येत होती. त्याच्याबरोबर पुढच्या महिन्यातल्या लग्नाचं एक कुटुंब हॉल बघायला आलं होतं.

"अप्पा, हे काय?" जानकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तरी राग कळत होता. "माझे सगळे लोक जेवून चालले. मी सगळ्यांना सांगितलों होतें."

मी तोंड उघडलं. चूक माझी होती आणि ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. तेवढ्यात मास्तर लेकीला म्हणाले, "मी चुकलों, अम्मा. बाईंना मीच रविवार सांगितलों. ध्यानांत राहिलं नाहीं."

मी मॅनेजरकडे बघितलं. त्या कुटुंबाकडे बघितलं. आणि तोंड मिटलं. हातात राणी होती, ती टेबलावर ठेवली आणि उगाचच तिच्याभोवतीची फुलं नीट करत बसले. बावीस वर्षांत माझ्या हातून इतकं हलकं काम झालेलं नाही.

जानकी बापाकडे बघत राहिली. तिचा राग उतरला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. आपला बाप म्हातारा झालाय हे तिला त्या क्षणी कळलं होतं, आणि ते खोटं होतं. तिने त्यांचं कोपर धरलं, पायरी चढताना धरतात तसं, आणि त्यांना स्टेजवर घेऊन गेली. फोटोत ते तिच्या शेजारी उभे आहेत. सगळ्या फोटोंत तिचा हात त्यांच्या कोपराला आहे.

बाहुल्या पाहुण्यांना आवडल्या, हे लिहायला हवं. जाहिरातीचा राजा सगळ्यांत आधी कोणीतरी उचलून नेला.

दोन महिन्यांनी मला पुण्याहून जानकीचा फोन आला. "मामी, तुम्ही जवळ राहतांत. अप्पा हल्ली विसरतांत का हो? त्या दिवशीं पासून मला भीती वाटते. डॉक्टरला दाखवलों, रिपोर्ट नॉर्मल आला. पण पोरीच्या रिसेप्शनचा दिवस कोणी विसरतो का? जरा लक्ष ठेवाल?"

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. एका शहाण्या माणसाच्या मेंदूची तपासणी झाली होती, कारण मी एक पत्रिका वाचली नव्हती. आमचे हे म्हणाले, दोष कुठे आहे ते कळल्यावर माल परत बोलवायचा असतो. ते बरोबर बोलले, असं क्वचितच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले. त्यांनी कॉफी केली. मी सगळं सांगितलं, पत्रिका, हळदकुंकू, कॅलेंडर, सगळं. आणि म्हटलं, "मी आज जानकीला फोन करून सांगणार आहे. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मी मुकाट चालवून घेतलं. आता पुरे."

"तुमच्यासाठीं नाहीं बोललों," मास्तर म्हणाले. "पत्रिका दिलों तेव्हां शनिवार तोंडानं सांगायला पाहिजे होतं. नाहीं सांगितलों. संवय नाहीं." मग कपातल्या कॉफीकडे बघत म्हणाले, "सांगूं नका, बाई."

"का?"

"रोज फोन करते."

मला आधी समजलं नाही.

"रविवारीं करील वाटलं होतं. आतां रोज, सहा वाजतां. आधीं विचारते, अप्पा, आज वार कोणता? मी सांगतों. मग काय जेवलों विचारते. मग ती काय जेवली सांगते. मग ऑफिस. मग सासू. तीस वर्षांत इतकं बोललों नाहीं आम्ही. परवां हंसली. तिची आई हंसायची तशी." ते थांबले. "ती विचारते म्हणून मी बोलतों. विचारलं नाहीं तर मला येत नाहीं."

मुलगी तिकडे घाबरलेली आहे, तिच्या भीतीवर हे सुख उभं आहे, हे बरोबर नाही, असं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, होय. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. पण जे सांगायचं ते त्या संध्याकाळी हॉलमध्ये मी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगण्याचा हक्क माझ्याकडे उरला होता का, हेही मला ठरवता येईना.

सहा वाजता फोन वाजला. मास्तरांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. समोर भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर होतं. त्यांनी ते सकाळीच फाडलेलं होतं आणि वर मोठ्या तमिळ अक्षरांत गुरुवार होता.

"अप्पा, आज वार कोणता?"

मास्तरांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, शाळेत एखाद्या मुलीला गप्प राहायला सांगतात तसं.

"बुधवार की," ते म्हणाले.

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि जानकी म्हणाली, "थांबा अप्पा, ठेवूं नका. मी मीटिंगमधून बाहेर येतें. आज निवांत बोलूं."

मास्तरांनी उपरणं सारखं केलं आणि खुर्चीत मांडी घालून बसले.